मदत हवी आहे: ऑफिस ऐरोलीत, घर घणसोलीला की कासारवडवलीला?

सकाळी आठची शिफ्ट. घणसोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने मधे फक्त रबाळे स्टेशन. कासारवडवलीहून आधी घोडबंदर रोडने ठाणे स्टेशन, मग लोकल. रस्ता तुंबला की वेळेचा भरवसा नाही. पण तिथला फ्लॅट मोठा, हवेशीर आहे, म्हणून मन अडतंय.

घणसोलीकरांनो, सिडकोच्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावर पाणी किती वेळ येतं? पावसाळ्यात स्लॅब गळतो का? कासारवडवलीत टँकरचा खर्च मेंटेनन्समध्येच धरतात की भाडेकरूकडून वेगळा घेतात?

दोन्हीकडचे मालक 11 महिन्यांचा करार नुसता नोटरी करू म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर अटींच्या वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. म्हणजे नोंदणीत मालकाचंच हित. न दुखावता हे त्यांना कसं पटवावं?