‘प्रोजेक्ट क्लोजर’ला मराठीत काय म्हणायचं?

मोजपट्टी: शिरोलीच्या एका फौंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, कार्यपद्धती मराठीत आणायची आहे. ‘प्रोजेक्ट क्लोजर’ला ‘प्रकल्प समापन’ लिहिलं, तपासणाऱ्यानं ते खोडून ‘प्रकल्प बंद’ केलं. शॉपवर ‘बंद’ वाचलं की ऑर्डर हातची गेली असंच वाटणार. काय लिहावं?

तळटीप: ‘समापन’ही नको. कंपनी मोडीत काढण्याला तोच शब्द आहे. ‘सांगता’ घ्या. सांग म्हणजे सगळ्या अंगांसह. पूजेत ‘सांगतासिद्ध्यर्थ’ दक्षिणा देतात ती याच अर्थानं.

कोअरबॉक्स: सांगता पारायणाची होते हो. शॉपवर ‘जॉब क्लोज’ म्हणतात, तेच लिहा. मथळ्याखाली काय येतं ते आधी बघा. सॅम्पल पास झालं की लोक हात झटकतात. पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा करायचा साचा) बहुधा गिऱ्हाइकाचे असतात. त्यांची यादी हवी: नंबर, अवस्था, फोटो, कुठल्या रॅकवर आहेत ते. सॅम्पल काढताना रायझर (आकसणाऱ्या धातूला जादा रस पुरवणारा साठा) वाढवला असेल, गेटिंग (साच्यात रस नेणाऱ्या वाटा) बदललं असेल, तर ते मेथड शीटवर, म्हणजे ओतायची पद्धत लिहिलेल्या कागदावर, चढलंच पाहिजे. नाहीतर पुढचा लॉट जुन्या शीटवर भरला जातो आणि तीच श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) पुन्हा त्याच जागी निघते.

पाणंद: बांधकामात ‘कामपूर्ती’ रुळलेला आहे.

तळटीप: कामपूर्ती ही त्यातली एक पायरी झाली ना?

पाणंद: बरोबर. कामपूर्तीच्या दाखल्यानंतर दोषदायित्व कालावधी सुरू होतो, म्हणजे निघालेले दोष ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायचा काळ. ठेकेदाराची राखून ठेवलेली अनामत त्यानंतर सुटते. मधल्या काळात त्रुटींची यादी, शेवटची मोजमापं, अंतिम बिल. प्रत्यक्ष बांधलं तसे नकाशे मात्र दाखल्याआधीच घ्या. ठेकेदाराची माणसं दुसऱ्या साइटवर गेली की पाइप नेमका कुठून गेलाय हे सांगायला कुणी उरत नाही.

मोजपट्टी: पण मध्येच सोडलेल्या कामालाही क्लोजर रिपोर्ट लागतो. त्याला सांगता कशी म्हणणार?

तळटीप: त्याला ‘गुंडाळणं’ म्हणा. वेगळ्या गोष्टीला वेगळा शब्द.

कोअरबॉक्स: आणि फॉर्म दोन करणार? दोन्हीकडे कामं तीच. उघड्या पर्चेस ऑर्डरी रद्द करा, नाहीतर स्टोअरला माल येत राहतो. जॉब नंबर बंद करा, नाहीतर दुसऱ्याच कामाचे तास त्यावर पडतात आणि पुढचं कोटेशन चुकीच्या खर्चावर निघतं. तिथं ‘बंद’च बरोबर शब्द.

पाणंद: अनामत यायची असेल तर?

कोअरबॉक्स: ती येणे रकमेत दाखवा. तेवढ्यासाठी जॉब नंबर उघडा ठेवू नका.

पाणंद: आणि दोषदायित्वाच्या काळातल्या दुरुस्तीचा खर्च कुठं टाकायचा?