जुने बॅकअप उडवणारी स्क्रिप्ट रोज चालतेय तरी ड्राइव्ह भरलाय, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सर्व्हरचं काम माझ्याकडे आहे, अधूनमधून जाते बाकी सगळं रिमोटने. त्यांचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर (मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस) आहे, डेटाबेस साधारण ४ जीबीचा. रात्री १० ला टास्क शेड्युलरमधून एक बॅच फाइल चालते, ती आधी बॅकअप घेते आणि लगेच विंडोजच्या फॉरफाइल्स कमांडने ३० दिवसांपेक्षा जुन्या बाक (म्हणजे बॅकअपच्या) फाइल डिलीट करते. हे सगळं माझ्या आधीच्या माणसाने लावलेलं. आता १ टीबीचा डी ड्राइव्ह लाल झालाय म्हणून फोल्डर उघडलं तर आत एकच बाक फाइल, ८०० जीबीच्या वर, आणि तारीख कालची! ४ जीबीच्या डेटाबेसचा ८०० जीबी बॅकअप कसा काय होईल?? मॅनेजर साहेब म्हणतायत ती फाइल काढून टाका आणि नव्याने सुरू करा, पण हात धजत नाहीये, दुसरीकडे कुठेच कॉपी नाही आणि त्यात ऑडिट चालू आहे. नक्की काय काढायचं आणि किती दिवसांचं ठेवायचं, कुणी नीट सांगेल का?

जुना_डीबीए

ताई, डिलीट केली नाहीत ते फार चांगलं केलंत. ती एक फाइल दिसत असली तरी आत रोजचा एकेक पूर्ण बॅकअप मागे मागे जोडलेला आहे. बॅकअप कमांडमध्ये काही सांगितलं नाही तर एसक्यूएल सर्व्हर त्याच फाइलच्या शेवटी नवा बॅकअप जोडतो, जुना पुसत नाही. आणि रोज रात्री फाइलला हात लागतो म्हणून तिची मॉडिफाइड तारीख रोज नवी होते, फॉरफाइल्स तीच तारीख बघतं, म्हणजे त्याच्या लेखी ही फाइल कधी जुनी होतच नाही. स्क्रिप्ट चालतेय, एरर नाही, आणि काहीच उडत नाही.

आत काय आहे ते बघायला रिस्टोअर हेडरओन्ली ही कमांड चालवा, प्रत्येक बॅकअपची तारीख आणि पोझिशन नंबर दिसेल. मधला एखादा बॅकअप तेवढा उपटून काढायची सोय नाही, फाइल जाईल तर सगळे एकदम जातील. पण हव्या त्या तारखेचा नंबर देऊन तो वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करता (परत भरता) येतो आणि मग त्याचा स्वतंत्र बॅकअप घेता येतो. हे चालू सर्व्हरवर करू नका, दुसऱ्या मशीनवर करा, तिथली एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती तीच किंवा वरची हवी, खालच्या आवृत्तीवर रिस्टोअर होणारच नाही.

आज रात्रीपासूनच प्रत्येक बॅकअप वेगळ्या फाइलमध्ये, फाइलच्या नावात तारीख. जागा नाही म्हणून आधी एक बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे ना बघा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. आणि हो, एलडीएफ फाइल (डेटाबेसमधल्या बदलांचा लॉग) केवढी आहे तेही बघा. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेल या सेटिंगवर असेल आणि लॉगचा बॅकअप कुणी घेतच नसेल तर ती पण फुगत जाते, रोज पूर्ण बॅकअप घेतला म्हणून लॉग रिकामा होत नाही.

रात्रपाळी

वरचं सगळं बरोबर आहे पण मला त्या बॅच फाइलची जास्त काळजी वाटतेय. आत्ता एकच फाइल असल्यामुळे डिलीटची ओळ निरुपयोगी आहे, ज्या दिवशी तुम्ही रोज वेगळी फाइल करायला लागाल त्या दिवशी ती ओळ जिवंत होणार. समजा पासवर्ड बदलला किंवा डिस्क भरली आणि बॅकअप बंद पडला, तरी खालची ओळ रोज इमानाने सगळ्यात जुनी फाइल उडवत राहणार, आणि महिनाभर कुणी बघितलं नाही तर फोल्डर रिकामं! नुसत्या वयावर डिलीट कधीच करू नका. आधी बॅकअप, मग व्हेरिफायओन्ली (बॅकअप फाइल वाचता येते का ते तपासणारी कमांड), दोन्ही पास झाले तरच डिलीट, आणि काहीही झालं तरी शेवटच्या सात फाइल ठेवायच्याच अशी अट टाका.

यात एक गंमत अशी की बॅच फाइलमधून एसक्यूएलच्या कमांड चालवणाऱ्या एसक्यूएलसीएमडी या टूलला डॅश बी हा पर्याय दिला नसेल तर बॅकअप फेल होऊनही ते शून्य (म्हणजे सगळं ठीक) परत करतं आणि टास्क शेड्युलरमध्ये सगळं यशस्वी दिसतं. बॅच फाइलमध्ये ते आहे का आजच बघा. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) नसतो म्हणून मेंटेनन्स प्लॅन मिळत नाही, पण ओला हॅलेनग्रेन यांच्या फुकट बॅकअप स्क्रिप्ट एसक्यूएलसीएमडीमधून एक्सप्रेसवरही चालतात, त्यात व्हेरिफाय चालू ठेवलं की बॅकअप किंवा व्हेरिफाय फेल झाल्यास जुनी फाइल डिलीट होत नाही. त्यात क्लीनअप टाइम (किती जुनी फाइल उडवायची तो आकडा) तासांत द्यायचा असतो हे विसरू नका, ३० लिहिलंत तर ३० तास होतील, ३० दिवसांसाठी ७२०.

आणि ईमेल अलर्टवर पूर्ण विसंबून राहू नका. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या बाबतीत ३१ जानेवारी २०१७ ला काय झालं ते त्यांनी स्वतःच सविस्तर लिहिलंय. चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटा डिलीट झाला, बॅकअप शोधायला गेले तर क्लाउडमधलं फोल्डर रिकामं, कारण त्यांचा पोस्टग्रेस डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं टूल ९.२ चं, रोज फेल होत होतं, आणि फेल झाल्याचे मेल पलीकडचा मेल सर्व्हर नाकारत होता म्हणून कुणाला पत्ताच नाही. सुमारे सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची नक्कल) होता म्हणून वाचले. म्हणून म्हणतो, शाखेतल्या कुणालातरी रोज सकाळी फोल्डर उघडून कालच्या तारखेची फाइल आणि तिचा साइज वहीत लिहायला सांगा.

खतावणी

मी सहकारी संस्थांची ऑडिट करतो, तांत्रिक भाग तुम्ही लोक बघा, मी ठेवायचं किती तेवढं सांगतो. रोजचे बॅकअप वर्षभर साठवून काही मिळत नाही, जुन्या नोंदी चालू डेटाबेसमध्ये असतातच. रोजचे ३० दिवस आणि महिनाअखेरचे बारा एवढे पुरतात. वर्षअखेरचा मात्र वेगळा काढून जपायचा. त्या तारखेला खातं कसं होतं हे तोच दाखवतो, नंतर कुणी मागच्या तारखेची नोंद फिरवली तर पडताळायला दुसरं काही हाताशी नसतं, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या थकबाकी वसुलीत कर्जदाराने उताऱ्यावर हरकत घेतली की याची किंमत कळते.

एक गोष्ट बऱ्याच संस्थांच्या लक्षात येत नाही, ३१ मार्चच्या रात्रीचा बॅकअप म्हणजे वर्षअखेर नव्हे. व्याजाच्या तरतुदी, समायोजनाच्या नोंदी नंतर पडतात. म्हणून एक ३१ मार्चचा आणि एक ताळेबंद अंतिम झाल्यावरचा, असे दोन ठेवा. किती वर्षं, तर कंपन्यांना २०१३ च्या कायद्यात हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवायला सांगितलंय, तो नियम पतसंस्थेला थेट लागू नाही, पण त्याहून कमी ठेवू नका असं माझं मत. आणि हे मॅनेजर साहेबांच्या तोंडी सूचनेवर नको, संचालक मंडळाचा ठराव करून घ्या, काय किती काळ ठेवायचं आणि कुणाच्या सहीने काढायचं. उद्या काही विचारणा झाली तर तुमच्यावर येता कामा नये.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हेडरओन्ली चालवलं, गेल्या ऑगस्टपासूनचे बॅकअप एकाखाली एक दिसले, ३१ मार्चचाही आहे! तो दुसऱ्या पीसीवर रिस्टोअर केला, ऑडिटर साहेबांनी तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवून बघितली, जुळली. डॅश बी नव्हतंच, टाकलं. आता रोजची फाइल वेगळी होतेय आणि मोठ्या फाइलची कॉपी बाहेरच्या डिस्कवर गेलीये. ठराव पुढच्या सभेत घेतायत. तर मग सर्व्हरवरची मोठी फाइल आता काढली तर चालेल ना?

जुना_डीबीए

आधी तीन गोष्टी. बाहेरच्या डिस्कवरच्या कॉपीवर व्हेरिफायओन्ली चालवा, आणि ते पास झालं तरी कॉपीमधला एक बॅकअप खरोखर रिस्टोअर करून त्यावर चेकडीबी (डेटाबेस आतून तपासणारी कमांड) चालवा, कारण व्हेरिफायओन्ली फाइल वाचता येते एवढंच सांगतं, आतला डेटा धड आहे याची हमी देत नाही. ऑगस्टपासूनचे सगळे महिनाअखेरचे बॅकअप ३१ मार्चसारखेच स्वतंत्र फाइलमध्ये काढून घ्या, वेळ लागेल पण एकदाच करायचंय. हे झालं की सर्व्हरवरची काढा, बाहेरची मात्र ठराव होईपर्यंत राहू द्या. आणि ती डिस्क सर्व्हरला जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवर जातं. तिजोरीत ठेवायला सांगा, पतसंस्थेत तिजोरी असतेच.

रात्रपाळी

आणि डिलीटच्या ओळीत नुसतं डॉट बाक ठेवू नका, रोजच्या फाइलच्या नावापुढे काहीतरी ठरलेलं लावा आणि तेवढंच उडवा, नाहीतर कुणी वर्षअखेरची फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकली तर ३० दिवसांनी ती पण जाईल. वर्षअखेरचं फोल्डर वेगळं ठेवा आणि बॅकअपचा टास्क ज्या युजरने चालतो त्याला तिथे डिलीटचा हक्क देऊ नका.