'इच्छामरण' की 'दयामरण'?

प्रश्न : सांगलीतील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मला एक टिपण वाचायचे आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून, सहा महिन्यांपेक्षा अधिक जगण्याची शक्यता नसलेला रुग्ण डॉक्टरांनी लिहून दिलेले प्राणघातक औषध स्वतःच्या हाताने घेऊ शकतो. याला 'इच्छामरण' म्हणावे की 'दयामरण'?

उत्तर : माझ्या मते दोन्ही शब्द नेमके बसत नाहीत. 'दयामरणा'तील दया दुसऱ्याची असते आणि मरणाऱ्याचे मत त्या शब्दात कोठेच उमटत नाही. मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात तो शब्द शोभला असता, कारण १९७३ च्या हल्ल्यानंतर त्यांना आपली इच्छा सांगणेच शक्य नव्हते. तरीही त्यांचे पोषण थांबवावे का, यावरील सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाच्या वेळी पुष्कळांच्या तोंडी 'इच्छामरण'च होते. 'इच्छामरण' म्हटले की भीष्म आठवतात, पण शंतनूचा वर संमतीवाचून मृत्यू न येण्याचा होता आणि भीष्मांनी तो शरशय्येवर उत्तरायणापर्यंत मरण लांबवण्यासाठी वापरला. या रुग्णाची मागणी नेमकी उलट आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कठोर अटींसह मान्य केले, ते निष्फळ ठरलेले उपचार थांबवणे. ओरेगॉनसारखी मुभा आपल्याकडे नाही. त्या निकालालाही 'निष्क्रिय इच्छामरण' म्हणतात, हे मला खटकते. मिरजेच्या दवाखान्यातून रुग्णाला परत नेणारे नातेवाईक 'डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले' एवढेच म्हणतात. त्यांच्यापुढे हा शब्द उच्चारला, तर आपल्या हातून काही भलते घडले की काय, असे त्यांना वाटू लागते. तेथे 'उपचार थांबवणे' हे साधे शब्द पुरेत.

प्रश्न : आमच्या भागातील दिगंबर जैन कुटुंबांत 'सल्लेखना घेतली' असे म्हणतात. तो शब्द चालेल का?

उत्तर : नाही. सल्लेखना म्हणजे देह आणि कषाय (क्रोध, लोभ असे मनोविकार) क्षीण करत नेणे. ते अन्नपाणी क्रमाने सोडण्याचे व्रत आहे आणि त्यात औषधाला स्थान नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये संथाऱ्याला (सल्लेखनेचेच श्वेतांबर जैनांतील नाव) आत्महत्येच्या पंक्तीत बसवले, त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. तो वाद तुमच्या टिपणात ओढून आणू नये.

तुम्ही प्रथम 'वैद्यकीय साहाय्याने स्वेच्छामरण' असे पूर्ण लिहावे, मग नुसते 'स्वेच्छामरण'. शब्द जड आहे खरा, पण इच्छा कोणाची आणि हात कोणाचा, हे दोन्ही त्यात कळते.