लॉ कॉलेजातले पहिले दिवस : तुमचे अनुभव लिहा

यंदा गावाकडची पोरं-पोरी सीईटी देऊन एलएलबीला लागली आहेत. घरात वकील नाही, गावातही नाही, त्यामुळं पहिल्या दिवशी काय होतं हे त्यांना विचारायला माणूस नसतो. म्हणून हा धागा. सुरुवात मीच करते.

मी दारव्हा तालुक्यातली, तीन वर्षांच्या कोर्सला, आता दुसऱ्या वर्षाला. सोयाबीनची सोंगणी सुरू होती, तरी बाबा सोबत आले. हॉलमधली सगळी भाषणं इंग्रजीत. 'लोकस स्टँडाय' हा शब्द तीनदा आला. वहीच्या मागच्या पानावर ऐकू आला तसा लिहून ठेवला. बाबा शेवटच्या रांगेत, दुपट्टा मांडीवर घेऊन, कार्यक्रम संपेपर्यंत बसून होते. परतीच्या एसटीत म्हणाले, "धुऱ्याच्या (बांधाच्या) केसमधी अकरा वर्षं तारखा केल्या. वकीलसाहेब जजसाहेबासंग काय बोलते, मले एक दिवस समजलं नाही. तू समजून घे, अन् मंग मले सांग."

त्या शब्दाचा अर्थ रात्री शोधला : कोर्टात दाद मागायचा हक्क आहे का, एवढंच. हॉलमध्ये कुणी हे एक वाक्य मराठीत बोललं असतं तर बाबांना तिथंच समजलं असतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

देसाईगंज, जि. गडचिरोली

आमच्याकडं ओळख करून द्यायची होती : नाव, गाव, वकील का व्हायचं. मी "वडसा" म्हटलं. मॅडम थांबल्या, म्हणाल्या, "म्हणजे देसाईगंज?" आणि फळ्यावर लिहिलं : तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

१९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयानं तुकाराम आणि दुसऱ्या आरोपी पोलिसाला सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती होती, असा तो निकाल. १९७९ मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईनं संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, तर न्यायालयानं तेच धरून चालायचं, असं त्यात आलं.

मी वडशात लहानाची मोठी झाले. शाळेत, घरात, कुणी हे कधी बोललं नाही. त्या दिवशी हॉस्टेलवर जेवण गेलं नाही. आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मले ठाऊक होतं. तुले कसं सांगू, समजत नव्हतं."

कळंब, जि. यवतमाळ

कामाचं सांगतो. हजेरी ७० टक्के लागते, बार कौन्सिलचा (वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेचा) नियमच आहे. आमचे तास सकाळी, म्हणून पहिल्याच आठवड्यात एसटीची वेळ पाहून ठेवा. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेयर, टीसी, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवा. एका कागदासाठी मला खिडकीवरून तीनदा परत पाठवलं, तीन दिवसांची मजुरी बुडाली. आणि सिनियरकडून भारतीय दंड संहितेचं जुनं पुस्तक घेतलं असेल तर फेकू नका. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, खुनाचं ३०२ आता १०३ झालं, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात.

मेहकर तालुका

मी पहिला आठवडा तोंड उघडलं नाही. शहरातली मुलं फाडफाड इंग्रजी बोलायची. पाचव्या दिवशी सरांनी 'पझेशन' आणि 'ओनरशिप' यांतला फरक विचारला. वर्ग गप्प. मला उत्तर येत होतं, फक्त इंग्रजीत येत नव्हतं. उभा राहिलो आणि मराठीतच बोललो : "सर, वावर आमचं, सातबारा आजीच्या नावावर. पण बटईनं दिलं आहे. पेरतो तो, राखण तो करतो, आम्हीही त्याला विचारल्याशिवाय त्यात बैल घालत नाही. मालकी आजीची, ताबा त्याचा."

सरांनी खडू माझ्या हातात दिला. म्हणाले, "फळ्यावर लिही. मराठीतच लिही."