सात वर्षांच्या मुलीचा डीएचईए-एस 'हाय' आलाय, कसा वाचायचा?

लेकीची_आई: मुलगी सात वर्षं चार महिन्यांची. काखेतल्या घामाला मोठ्या माणसांसारखा वास यायला लागलाय, जांघेत काही काळे, राठ केस दिसले. छातीची वाढ अजिबात नाही. रक्तातला डीएचईए-एस हार्मोन 71 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर आलाय, पुढे ठळक 'एच'. टेस्टोस्टेरॉन 18 नॅनोग्रॅम. रक्त शाळा सुटल्यावर दिलं. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, तोवर डोक्याला भुंगा लागलाय. गाठबिठ तर नसेल ना?

परखनळी: ताई, मी लॅबमध्ये हार्मोनच्याच टेबलावर असते. निदान डॉक्टरच करतील, पण आकडा कसा वाचायचा ते सांगते.

डीएचईए-एस जवळजवळ सगळा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अॅड्रेनल) ग्रंथीतून येतो. साधारण सहा ते आठ वर्षांत या ग्रंथीचा आतला थर जागा होतो, त्याला अॅड्रेनार्की म्हणतात. अंडाशयांचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून छातीची वाढ नाही हे महत्त्वाचं. 40 च्या वर गेला की सुरुवात झाली असं धरतात, म्हणजे तुमचा 71 घामाच्या वासाशी आणि केसांशी जुळतो. गाठीत हा आकडा सहसा कितीतरी पट चढतो आणि बदल भराभर होतात. आवाज घोगरा होणं, योनीजवळचा दाणा (क्लिटोरिस) मोठा होणं, उंची एकदम वाढणं, यातलं काही दिसलं तर आठवडाभर थांबू नका, लगेच फोन करा.

संध्याकाळच्या रक्तानं डीएचईए-एसला फारसा फरक पडत नाही. टेस्टोस्टेरॉनवर मात्र माझा भरवसा कमी आहे. अँटिबॉडी वापरून मोजणाऱ्या नेहमीच्या इम्युनोअॅसे मशीनवर मुलांचे इतके कमी आकडे डळमळतात, काही किटमध्ये डीएचईए-एसच टेस्टोस्टेरॉन म्हणून मोजला जातो. रेणूच्या वजनावरून ओळखणाऱ्या, जास्त अचूक एलसी-एमएस/एमएस पद्धतीनं करता येईल का, विचारा. रिपोर्टवर 17-ओएच प्रोजेस्टेरॉन, म्हणजे याच ग्रंथीचा आणखी एक हार्मोन, आहे का?

लेकीची_आई: नाही, ते लिहिलेलंच नव्हतं. आणि ती केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाते, चालतं का?

परखनळी: बरं झालं बोललात! काही मशीनवर बायोटिनमुळे हेच दोन्ही आकडे खोटे वाढलेले दिसतात. डॉक्टरांना आधी हे सांगा. बायोटिन किती दिवस बंद ठेवायचं ते डोसवर ठरतं. निदान दोन दिवस तरी. 17-ओएच सकाळी आठच्या सुमारासच द्यायचं, संध्याकाळचा नॉर्मल आकडा फसवतो. सकाळी 200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर आलं तर उशिरा दिसणारा सीएएच (अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात आजार) आहे का ते पाहायला एसीटीएच, म्हणजे या ग्रंथीला चालना देणारा हार्मोन, देऊन पुन्हा मोजतात. 17-ओएचच्या तपासणीचा विषय मात्र डॉक्टरांकडे आवर्जून काढा.

दोघींचा_बाबा: आमच्या थोरलीचं असंच होतं. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, हाडांचं वय वर्षभर पुढे निघालं. औषध काही दिलं नाही, दर सहा महिन्यांनी उंची मोजत राहिले. तुमच्याकडे शाळेच्या कार्डावर जुन्या उंचीच्या नोंदी असतील तर घेऊन जा, डॉक्टर सगळ्यात आधी तेच मागतात.

लेकीची_आई: पहिलीपासूनच्या नोंदी आहेत. बायोटिन आजपासून बंद.