ऑनलाइन वर्गातील चिंतनलेखन एकसारखेच का येते?

प्रश्न : बी.एड.चे विद्यार्थी सरावपाठानंतरचे चिंतन मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीवर लिहितात. मात्र पहिल्याचे ‘मुलांचा प्रतिसाद उत्तम होता’ हे वाक्य शब्द फिरवून पुढच्या बाराजणांकडे दिसते. उपाय काय?

उत्तर १ : मूडलवरील चर्चामंचाचा (फोरमचा) ‘प्रश्नोत्तर’ प्रकार निवडावा. त्यात स्वतःचे उत्तर पाठवून दुरुस्तीची मुदत, जी बदलली नसेल तर ३० मिनिटांची असते, संपल्याशिवाय विद्यार्थ्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत.

उत्तर २ : नक्कल थांबेल, चिंतन सुरू होईलच असे नाही. मी ‘वर्ग कोणत्या क्षणी हातातून निसटला?’ असे विचारतो आणि जोडीदाराने अभिप्राय न देता एकच प्रश्न विचारावा, असे बंधन घालतो. एकीने लिहिले, ‘अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे असमान पडले’. जोडीदाराने विचारले, ‘मग मुलांनी पाव (एक चतुर्थांश) कोणत्या तुकड्याला म्हटले?’

प्रश्नकर्ती : आभारी आहे. गुण चिंतनाला द्यावेत की प्रश्नाला?

उत्तर २ : मी प्रश्नालाच देतो.