मदत हवी आहे: ‘द ख्रिसमस कार्ड’सारखे चित्रपट सुचवाल का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. सध्या सासूबाई आल्या आहेत आणि हॉलमार्क चॅनेलचे नाताळचे चित्रपट त्यांना मनापासून आवडतात. २००६ सालचा ‘द ख्रिसमस कार्ड’ पाहताना तर त्यांना रडू आवरेना. अफगाणिस्तानातल्या सैनिकाला अनोळखी मुलीचं शुभेच्छापत्र मिळतं आणि रजेवर आल्यावर तो कॅलिफोर्नियात तिच्या गावी, नेवाडा सिटीला जातो, अशी गोष्ट. तिच्या वडिलांच्या भूमिकेसाठी एड ॲस्नर यांना एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचं नामांकन होतं, आणि ते काम आहेच तसं मायेचं.

माझ्या लेकीला मात्र तो पटला नाही. शेवट आधीच कळतो, शिवाय त्या मुलीचा आधीच एक प्रियकर असताना हे प्रेम जुळतं, हे तिला खटकलं. आक्षेप मलाही रास्त वाटतो. सासूबाई म्हणतात, “शेवट गोड होणार हे ठाऊक असतं, म्हणून तर निवांत बघवतं.”

दोघींना एकत्र बसून बघता येईल असं काही आहे का? घरातल्या वडीलधाऱ्यांना कथेत खरं स्थान हवं, प्रेमात फसवणूक नको. आजारपण, मृत्यू शक्यतो नकोच. सासरे नुकतेच गेलेत. हिंदी सबटायटल्स कुठे मिळतात तेही कृपया सांगा.